अठ्ठावीस दिवस आणि दहा मिनिटं

भंडारा जिल्ह्यात तुमसरकडे मँगनीजच्या खाणी आहेत, वरठीला पोलाद आहे, जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. सिमेंट मात्र बाहेरून येतं. कधी दक्षिणेकडून, चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना, राजुरा, घुग्घुस या पट्ट्यातून. कधी पूर्वेकडून, महामार्गानं किंवा हावड्याच्या रेल्वेमार्गानं छत्तीसगडातून. पोत्यावर कारखान्याचं नाव छापलेलं असतं, पण ते वाचतो कोण? मिस्त्री ब्रँड सांगतो, दुकानदार भाव सांगतो आणि पोती उतरतात. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. त्याचे ३३ दरवाजे पेलणारा काँक्रीटचा सांडवा बांधायचा असो की साकोलीत दोन खोल्यांवर स्लॅब टाकायचा असो, बांधणाऱ्याचं सिमेंटकडे मागणं एकच असतं: कालच्या पोत्यातलं आणि आजच्या पोत्यातलं सिमेंट सारखंच वागलं पाहिजे.

हे मागणं पुरं करणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण सिमेंटची खरी परीक्षा २८ दिवस चालते. भारतीय मानकात ती पद्धत ठरवून दिली आहे. एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळू घ्यायची. वाळू कुठलीही चालत नाही. तमिळनाडूतल्या एन्नोरची प्रमाणित वाळूच लागते. त्या मिश्रणाचे ७०.६ मिलिमीटर बाजूचे घन पाडायचे. आकडा विचित्र वाटतो, पण त्यामुळे घनाच्या एका बाजूचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर भरतं आणि हिशेब सोपा होतो. पहिला दिवस दमट हवेत, पुढे २७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखलेल्या पाण्यात. तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घन यंत्रात दाबून फोडायचे. ५३ ग्रेडच्या सिमेंटनं तीन दिवसांत किमान २७, सात दिवसांत ३७ आणि अठ्ठावीस दिवसांत ५३ मेगापास्कल ताकद दाखवली पाहिजे. म्हणजे शेवटच्या दिवशी त्या छोट्याशा घनानं सुमारे २७ टन भार सोसायला हवा.

आता कारखान्याच्या बाजूनं पाहू. रोज ६,००० टन सिमेंट काढणारा कारखाना दिवसाला १ लाख २० हजार पोती भरतो. अठ्ठावीस दिवसांत ती ३३ लाखांवर जातात. एवढी पोती निकालाची वाट पाहत ठेवायला गोदाम कुठून आणायचं? आणि निकाल वाईट आलाच, तर जे सिमेंट भिंतीत गेलं ते परत कसं मागवायचं? त्यामुळे घन फोडण्याच्या चाचणीला निवाडा म्हणता येईल, पण तिच्या जोरावर कारखाना हाकता येत नाही. हाकायचा तर आज भट्टीत जाणाऱ्या भुकटीकडे पाहून महिन्यानंतरच्या ताकदीचा अंदाज बांधता आला पाहिजे, आणि तोही चूक सुधारायला वेळ असेपर्यंत. कारखान्यातल्या स्वयंचलित प्रयोगशाळेचा सगळा खटाटोप हा वेळ हाती राहावा म्हणून आहे. यंत्र माणसापेक्षा अचूक मोजतं, असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. मुरलेला केमिस्ट पारंपरिक पद्धतीनं उत्तम विश्लेषण करतो. मात्र त्याला पूर्ण विश्लेषणाला दिवसभर लागतो, आणि तोवर हजारो टन माल पुढे निघून गेलेला असतो.

अंदाज बांधायचा कशावरून, तर चार ऑक्साइडांवरून. चुनखडीतून चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, येतो. सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि लोह काही प्रमाणात चुनखडीतच असतं. कमी पडलं तर चिकणमाती, जांभा, बॉक्साइट अशा पदार्थांतून भर घालतात. चंद्रपूरच्या पट्ट्यात आवारपूर, गडचांदूर, उपरवाही, घुग्घुस इथले कारखाने उभे राहिले ते तिथल्या चुनखडीच्या आणि जवळच्या कोळशाच्या जोरावर. पण खाणीतला दगड एकसारखा नसतो. एका बाकावर, म्हणजे खाणीच्या एका पायरीवर, चुना जास्त, शेजारच्या बाकावर सिलिका जास्त, कुठे मॅग्नेशियाचा पट्टा आडवा येतो. मॅग्नेशियावर मानकानं मर्यादा घातली आहे, कारण तो फार झाला तर घट्ट झालेलं सिमेंट पुढे काही वर्षांनी आतून फुगू शकतं.

चारही ऑक्साइडांचा मेळ सांगणारा एक आकडा प्रत्येक सिमेंट कारखान्यात सगळ्यांच्या तोंडी असतो: एलएसएफ, म्हणजे लाइम सॅच्युरेशन फॅक्टर. सिलिकाच्या टक्केवारीला २.८ नं, अ‍ॅल्युमिनाच्या टक्केवारीला १.२ नं आणि लोह ऑक्साइडच्या टक्केवारीला ०.६५ नं गुणायचं आणि बेरीज करायची. या तिघांना मिळून जास्तीत जास्त किती चुना पचवता येईल, ते ही बेरीज सांगते. प्रत्यक्ष चुन्याला तिनं भागून शंभरानं गुणलं की एलएसएफ मिळतो. कागदावर एक उदाहरण करून पाहू. कच्च्या भुकटीत चुना ४३.०, सिलिका १३.६, अ‍ॅल्युमिना ३.४ आणि लोह ऑक्साइड २.३ टक्के आहे. बेरीज येते ४३.६५ आणि एलएसएफ ९८.५. आता खाणीतून जरा श्रीमंत दगड आला. चुना अर्ध्या टक्क्यानं वाढून ४३.५ झाला आणि सिलिका १३.४ वर उतरली. फरक किरकोळ दिसतो, पण एलएसएफ १०० ओलांडून १००.९ वर पोचतो. म्हणजे भट्टी कितीही तापवली तरी थोडा चुना कुणाशीही संयोग न पावता मोकळाच राहणार. हा मोकळा चुना भाजून दगडासारखा झालेला असतो. पाण्याशी त्याची क्रिया फार सावकाश होते, आणि ती होते तेव्हा तो फुगतो. तोपर्यंत प्लास्टर सुकलेलं असतं. उलट चुना कमी पडला तर सिमेंटला सुरुवातीची ताकद देणारं एलाइट हे संयुग कमी बनतं, आणि तीन दिवसांचे घन लवकर फुटतात.

अर्ध्या टक्क्याची ही किंमत लक्षात घेतली, की प्रयोगशाळेतली पुढची लगबग समजायला सोपी जाते.

पहिली नजर खाणीतून येणाऱ्या पट्ट्यावरच ठेवता येते. काही कारखान्यांत कन्व्हेयर बेल्टला वेढून एक जाड पेटी बसवलेली असते. तिच्यात कॅलिफोर्नियम-२५२ चा किरणोत्सारी स्रोत किंवा न्यूट्रॉन निर्माण करणारं उपकरण असतं. न्यूट्रॉन दगडांच्या थरात खोल शिरतात, अणुकेंद्रकांत शोषले जातात आणि त्या क्षणी केंद्रकातून गॅमा किरण बाहेर पडतात. कॅल्शियमच्या गॅमा किरणांची ऊर्जा वेगळी, सिलिकॉनच्या किरणांची वेगळी. त्यामुळे दगड न फोडता, पट्टा न थांबवता मिनिटामिनिटाला रसायनाचा अंदाज मिळतो. कॅलिफोर्नियमचं अर्धायुष्य २.६५ वर्षं, त्यामुळे स्रोत मंदावत जातो आणि अधूनमधून भर घालावी लागते. ही पेटी अगदी बारीक फरक सांगणारी नाही. पण दगडाचे ढीग रचताना कुठल्या बाकावरचे डंपर आता बोलवायचे, हे ठरवायला ती पुरेशी असते.

खरा प्रवास सुरू होतो तो रॉ मिलनंतर, दगडाची पिठासारखी भुकटी झाल्यावर. इथे नळीत बसवलेला एक स्क्रू वाहत्या भुकटीतून सतत चिमूट चिमूट बाजूला काढतो. तासाभराची ही चिमूट एकत्र मिसळली जाते, तिच्यातला ठरावीक भाग प्लास्टिकच्या कुपीत भरला जातो आणि हवेच्या दाबानं ती कुपी लांबलचक नळीतून प्रयोगशाळेकडे सुटते. पूर्वी हेच काम सॅम्पल बॉय करायचा. उन्हाळ्यात ४५ अंशांत, मिलच्या चार मजल्यांचे जिने चढून डबा भरून आणायचा. त्याला तासाला नमुना आण म्हटलं तर तो तासालाच आणेल याची खात्री नसायची. रात्रपाळीत तर दोन तासांचे दोन डबे एकाच फेरीत भरले जाण्याची शक्यता कुठलाही सिमेंटवाला हसत हसत मान्य करेल.

कुपी पोचली की पुढचं काम यंत्राचा हात करतो. झाकण उघडतो, ठरलेल्या वजनाची भुकटी मोजतो आणि कंप पावणाऱ्या चक्कीत टाकतो. चक्कीत आधीच्या नमुन्याचा अंश राहिलेला असतो, म्हणून नव्या नमुन्याचा थोडा भाग आधी दळून फेकून द्यायचा आणि मगच खरा नमुना दळायचा, असा क्रम असतो. भुकटी चिकटू नये म्हणून बरोबर दळणसाहाय्यकाची गोळी पडते. मग भुकटी पोलादी कड्यात भरून कित्येक टनांच्या दाबाखाली तिची गुळगुळीत टिकली बनते. तिला पेलेट म्हणतात. तिचा पृष्ठभाग एवढा सांभाळायचा, कारण सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियमचे क्ष-किरण फार दुबळे असतात आणि केसाच्या जाडीपेक्षा कमी खोलीतूनच बाहेर येऊ शकतात. म्हणजे शेकडो टन मालाचा निकाल शेवटी त्या वरच्या पापुद्र्यावर ठरतो. एखादा जाडा कण वर आला, दाब कमीजास्त झाला, की आकडा हलला. दर वेळी तेवढीच सेकंदं दळणं आणि तेवढाच दाब देणं हे माणसाला जमतं, पण आठव्या तासालाही तसंच जमेल याची शाश्वती नसते. यंत्राचा खरा फायदा इथे आहे.

पेलेट जाते क्ष-किरण प्रस्फुरण यंत्रात. सगळे त्याला एक्सआरएफ म्हणतात. क्ष-किरणांचा मारा झाला की अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडतो. बाहेरचा इलेक्ट्रॉन त्या जागी उतरतो आणि उतरताना त्या मूलद्रव्याचा स्वतःचा क्ष-किरण सोडतो. प्रत्येक मूलद्रव्याची ही खूण निराळी असते, हे हेन्री मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानं १९१३ मध्ये दाखवलं. दोनच वर्षांनी, सत्ताविसाव्या वर्षी, तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. हलक्या मूलद्रव्यांचे किरण हवेतच शोषले जातात, म्हणून यंत्राच्या पोटात निर्वात पोकळी ठेवतात. दोनतीन मिनिटांत सगळी ऑक्साइडं पडद्यावर येतात. कुपी प्रयोगशाळेत पोचल्यापासून हिशेब केला तर सगळं मिळून सुमारे दहा मिनिटं.

आकडा आला की संगणक एलएसएफ आणि बाकीची गुणोत्तरं काढतो, लक्ष्याशी ताडून पाहतो आणि मिलला माल देणाऱ्या वजनी पट्ट्यांना नवे आदेश देतो: चुनखडी एवढी कमी, जांभा एवढा जास्त. पण इथे उतावीळपणा नडतो. हाती आलेला आकडा सरलेल्या तासाचा आहे. मिलमध्ये आत्ता फिरणारा माल कदाचित आपोआप सुधारलाही असेल. दर आकड्यामागे पूर्ण धावलं तर एलएसएफ झोपाळ्यासारखा वरखाली होत राहतो. म्हणून चुकीचा काही भागच एका वेळी दुरुस्त करायचा, मागचे तीनचार आकडे ध्यानात धरायचे, आणि उरलेले चढउतार भुकटी साठवण्याच्या सायलोत होणाऱ्या मिसळणीवर सोडायचे, अशी या प्रणालीची रचना असते. भट्टीला मिळणाऱ्या भुकटीत एलएसएफचं प्रमाण विचलन एकच्या आसपास राहिलं की कारखान्यात समाधान असतं.

भट्टीत सुमारे १,४५० अंशांवर या भुकटीचे क्लिंकरचे खडे होतात. जुने बर्नर निळ्या काचेतून ज्वाळेकडे बघून भाजणी ओळखायचे, आणि एक लिटर क्लिंकरचं वजन करून खात्री करून घ्यायचे. ते साधारण ११०० ते १३०० ग्रॅम भरलं पाहिजे. मोकळ्या चुन्यासाठी ग्लायकॉलमध्ये विरघळवून टायट्रेशन करायचं. या चाचण्या आजही होतात. पण एक्सआरएफला इथे मर्यादा येते: ते फक्त कॅल्शियम किती ते सांगतं, ते कॅल्शियम एलाइटमध्ये बसलं आहे की मोकळ्या चुन्यात, हे त्याला कळत नाही. त्यासाठी दुसरं यंत्र लागतं, एक्सआरडी. ते स्फटिकांच्या थरांवरून परावर्तित होणाऱ्या क्ष-किरणांचे कोन मोजतं. सिमेंटच्या संयुगांचे कोन एकमेकांवर इतके चढलेले असतात, की ते वेगळे करणं पूर्वी जवळजवळ अशक्य होतं. डच शास्त्रज्ञ ह्यूगो रिटवेल्ड यांनी १९६० च्या दशकात सबंध आलेखालाच गणिती जोड देण्याची पद्धत मांडली. संगणक स्वस्त झाल्यावर ती कारखान्यात उतरली. आता एलाइट, बेलाइट या संयुगांचे आणि मोकळ्या चुन्याचे आकडे काही मिनिटांत दिसतात. मोकळा चुना फार वाढला तर भाजणी अपुरी आहे. अगदीच शून्याकडे गेला तर कोळसा वाया जातोय आणि क्लिंकर इतकं टणक झालं आहे की दळताना विजेचं बिल फुगेल.

शेवटच्या मिलमध्ये क्लिंकरबरोबर थोडं जिप्सम दळतात. ते नसतं तर पाणी घालताच सिमेंट घमेल्यातच आवळलं असतं. मिल फार तापली तर जिप्समचं पाणी उडून त्याचं अर्धजलीय रूप होतं, आणि मग मिस्त्री म्हणतो, ‘माल टाकता टाकताच कडक होतोय’. पुन्हा कालवला की मऊ पडतो. दोन्ही रूपांत गंधक तेवढंच असतं, त्यामुळे हा फरक एक्सआरडीच ओळखतं. इथेच लेझरनं कणांचे आकार मोजतात, आणि ब्लेनच्या पद्धतीनं, भुकटीतून हवा जायला किती वेळ लागतो त्यावरून, बारीकपणा काढतात. पोर्टलँड पोझोलाना सिमेंट असेल तर त्यात औष्णिक केंद्रातली राख मिसळते. मानकानुसार १५ ते ३५ टक्के. राख क्लिंकरपेक्षा स्वस्त असल्यानं तिचं प्रमाण तपासणं ग्राहकासाठीही महत्त्वाचं आहे.

मग चुका होतात कुठे? माझ्या मते बहुतेक वेळा यंत्राच्या आधीच. शितावरून भाताची परीक्षा करतात, हे धान पिकवणाऱ्या भंडाऱ्यात कुणाला सांगायला नको. पण भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तरच ते शीत खरं बोलतं. नमुना काढणारा स्क्रू नळीच्या कडेला पडणारा जाडा मालच उचलत असेल, तर पुढचा यंत्राचा हात, नळी, क्ष-किरण हे सगळं चुकीचा आकडा अतिशय काटेकोरपणे मोजत राहतं. पावसाळ्यात हे वाढतं. ओला जांभा हॉपरच्या भिंतीला चिकटतो. संगणक जांभा वाढवायला सांगतो, पट्टा वेगानं फिरतो आणि माल पडतच नाही. पडद्यावर दुरुस्ती झालेली दिसते, एलएसएफ मात्र तसाच. अशा वेळी हॉपरवर हातोडा घेऊन माणूसच जातो.

दुसरी गोम दाबलेल्या पेलेटमध्ये आहे. सिलिका क्वार्ट्झच्या कणांत असेल तर एक आकडा येतो आणि तेवढीच सिलिका मातीत असेल तर दुसरा, कारण दोन्ही सारखे दळले जात नाहीत. म्हणून यंत्राला आपल्याच खाणीच्या, हाताने विश्लेषण केलेल्या नमुन्यांवर शिकवावं लागतं, आणि खाणीचा चेहरा बदलला की पुन्हा शिकवावं लागतं. शंका आली तर भुकटी लिथियम बोरेटबरोबर प्लॅटिनमच्या मुशीत हजार अंशांवर वितळवून तिची काच करतात. काचेत क्वार्ट्झ आणि मातीचा भेद उरत नाही. हरियाणातल्या बल्लभगडची राष्ट्रीय सिमेंट व बांधकाम साहित्य परिषद प्रमाणित संदर्भ नमुने तयार करते, त्यांच्याशी ताळा पाहतात. हे सगळं करणारा शिफ्ट केमिस्ट अजून लागतोच. त्याचं दळण-दाबण सुटलं. आकड्यावर अविश्वास दाखवण्याचं काम वाढलं.

परमिटवर सिमेंट मिळायचं त्या काळात ग्राहकाला यातलं काहीच विचारायची सोय नव्हती; मिळालं हेच पुष्कळ. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः उठलं, १९८९ मध्ये पूर्ण गेलं. ५३ ग्रेडचं मानक दरम्यान १९८७ मध्ये आलं. आज आयएसआय चिन्हाशिवाय सिमेंट विकता येत नाही, आणि पोत्यावर भरल्याचा आठवडा व वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनं, विशेषतः पावसाळा काढलेलं पोतं पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये असा बांधकामातला दंडक आहे. दमट गोदामात सिमेंट हवेतलं पाणी घेतं आणि कारखान्यातल्या कुठल्याच आकड्याला त्यानंतर अर्थ उरत नाही.

मोठ्या कामाला माल जातो तेव्हा त्या आठवड्याचं चाचणी प्रमाणपत्र बरोबर मागता येतं. त्यात ऑक्साइडं, एलएसएफ, ब्लेन, जमण्याची वेळ, ल शातेलिएच्या साच्यात मोजलेलं सिमेंटचं फुगणं, तीन दिवसांची ताकद असे आकडे भरलेले असतात. अठ्ठावीस दिवसांच्या रकान्यात मात्र ताज्या मालासाठी ‘चाचणी सुरू’ एवढंच लिहिलेलं असतं, कारण ते घन अजून कारखान्याच्या टाकीत पाण्याखालीच असतात. साइटवरच्या इंजिनिअरनं तो रकाना मोकळा म्हणून कागद परत पाठवण्यात अर्थ नाही. त्यानं त्याच कारखान्याच्या मागच्या आठदहा आठवड्यांची प्रमाणपत्रं मागवावीत आणि त्यांतले अठ्ठावीस दिवसांचे आकडे एकाखाली एक लिहून काढावेत. ५३ च्या किती वर आहेत हे बघावंच, पण ते एकमेकांपासून किती लांब जातात, हे आधी बघावं.